खटाव तालुक्यात हेम्पची शेती: ‘टीएचसी ०.३ टक्क्याच्या आत’ असलेलं बियाणं लावलं तर चालतं का?

येरळाकाठ (ता. खटाव, जि. सातारा)

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा घाईत हवा आहे.

आमची साडेतीन एकर जमीन. दोन एकराला विहिरीचं पाणी पुरतं, बाकी पावसावर. आलं आणि बटाटा ही नेहमीची पिकं, कोरडवाहूत घेवडा नाहीतर ज्वारी. गेल्या हंगामात आल्याला कंदकूज लागली, जे वाचलं त्याला दर मिळाला नाही. सोसायटीचं कर्ज नवं-जुनं करून ठेवलंय. सांगायचा मुद्दा हा की नवीन काही करायची गरज आहे, हौस म्हणून विचारत नाही.

पुसेगावच्या एका पाहुण्यांच्या ओळखीने एक गृहस्थ घरी आले होते. हेम्पच्या शेतीचा करार करतात. हेम्प म्हणजे भांग-गांजाच्याच जातीचं, पण नशा कमी असलेलं झाड. बियाणं त्यांचं, एकरी ७० हजार आगाऊ. झाडाला फुलं आली की ती कापून सावलीत वाळवायची, माल तेच उचलणार, आणि दर फुलातल्या सीबीडीच्या (नशा न आणणारा, औषधी म्हणून विकतात तो घटक) टक्क्यावर. टक्का जितका जास्त तितका किलोला दर जास्त. पाचशेच्या स्टॅम्पवर लेखी देतो म्हणाले. त्यांचं म्हणणं असं की टीएचसी, म्हणजे नशेचा घटक, ०.३ टक्क्याच्या आत असला की तो गांजा धरतच नाहीत, उत्तराखंडात लोक उघड लावतात आणि कायदा केंद्राचा असल्यामुळे देशभर एकच आहे.

लॅब रिपोर्टची एक झेरॉक्स देऊन गेले. त्यात एका ओळीत टीएचसी ०.०५ टक्के लिहिलंय, त्यावर हिरव्या पेनाने गोल केलाय. खाली दुसऱ्या ओळीत टीएचसीए ०.३२ टक्के असं आहे. ते काय, म्हणून विचारलं, तर म्हणाले तो नशेचा घटक नाही, सोडून द्या.

सातबारा अण्णांच्या नावावर आहे. ते गप्प आहेत, पण त्यांना हे पटलेलं नाही एवढं कळतं. आईचं म्हणणं, आधी पोलीस पाटलांना विचार, मग बाकीचं. मी अजून कोणाला विचारलेलं नाही. जूनच्या पहिल्या पावसावर पेरायचं तर पुढच्या आठवड्यात पैसे भरा म्हणून फोन येतोय.

माझे प्रश्न: महाराष्ट्रात हे चालतं का? तो ०.३ टक्के खरंच माझ्या हातात राहतो का? आणि रिपोर्टमधली ती दुसरी ओळ काय आहे?

फौजदारी_सातारा

दादा, पैसे भरू नका आणि करारावर सही करू नका. अण्णांनाही करू देऊ नका. आता कारण सांगतो.

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, १९८५ चा. त्याच्या कलम २ मध्ये ‘कॅनाबिसचं झाड’ म्हणजे कॅनाबिस (भांग-गांजा) या वंशातलं कोणतंही झाड अशी व्याख्या आहे. त्यात टक्का नाही. ०.३ नाही, ०.१ नाही, काहीच नाही. कलम ८ प्रमाणे या झाडाची लागवड करायला मनाई आहे. वैद्यकीय आणि शास्त्रीय कामासाठी परवाना घेऊन करायची सोय तेवढी ठेवली आहे. परवाना नसताना लागवड केली तर कलम २० लागतं: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.

मग उत्तराखंडात कसं चालतं? कलम १४ मुळे. फक्त धागा किंवा बी मिळवण्याच्या औद्योगिक कामासाठी, किंवा बागकामासाठी, सरकार आदेश काढून अटींवर लागवडीला मुभा देऊ शकतं. उत्तराखंडाने तशी मुभा दिली आणि ०.३ टक्क्याची अट तिथल्या धोरणात आली. म्हणजे तो आकडा मूळ कायद्यात नाही, राज्याने दिलेल्या परवानगीच्या अटींत आहे. आपल्या राज्यात शेतकऱ्याने जाऊन अर्ज करावा आणि हेम्पचा परवाना घ्यावा अशी खुली सोय नाही. मुळात परवानगीच नसेल तर तिच्यातली अट दाखवून तुम्हाला बचाव करता येणार नाही. शेतातलं झाड ०.१ टक्क्याचं निघालं तरी ते ‘कॅनाबिसचं झाड’च.

दुसरी गोष्ट, ती तुमच्या करारातच आहे. कलम १४ धाग्याचं आणि बियांचं बोलतं. तुमचा माणूस फुलं मागतोय. त्याच कायद्यात गांजाची व्याख्या फुलोऱ्याचे आणि फळधारणेचे शेंडे अशी आहे; बी आणि पानं शेंड्यांसोबत नसतील तर व्याख्येबाहेर. म्हणजे धाग्याची परवानगी असलेल्या राज्यातसुद्धा वाळवलेली फुलं घरात साठवणं हा निराळाच विषय आहे. आणि गांजाचं २० किलो हे व्यावसायिक प्रमाण धरतात, तिथे शिक्षा दहा वर्षांपासून सुरू होते. एकरभर फुलं वाळवली तर वीस किलो हा आकडा लांब नाही.

आईंचा सल्ला बरोबर आहे. कलम ४७ प्रमाणे सरपंच, पंच, गावकामगार यांच्यावर बेकायदा लागवडीची खबर देण्याची जबाबदारी आहे. कलम ४६ प्रमाणे ती जमीनधारकावरही आहे, म्हणजे अण्णांवर. तुम्ही लावलंय आणि त्यांना माहीत आहे, एवढ्यानेही ते अडचणीत येऊ शकतात.

२०२१ मध्ये सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली होती. इतर कोणत्याच पिकाला भाव नाही, ही त्याची व्यथा होती. परवानगी मिळाली नाही. पण त्याने एक गोष्ट नीट केली: आधी कागद दिला, शेतात काही लावलं नाही. तो माणूस उत्तराखंडाचं नाव घेतोय, तर त्याच्याकडे परवाना आहे का, असेल तर कोणाच्या नावावर आणि कोणत्या गट नंबरसाठी आहे हे विचारा. तुमच्या गटाचा नसेल, तर तुमच्यासाठी तो नुसता कागद.

वाळव्याची_शेतीवाली

वकीलसाहेबांनी कायद्याचं सांगितलं, मी पिकाचं सांगते. कृषी पदवीनंतर काही हंगाम मी पौडी गढवालला एका खाजगी संस्थेच्या हेम्प चाचणी प्लॉटवर काम केलं. आता वाळवा तालुक्यात घरची शेती बघते. हे पीक मला मनापासून आवडतं. धागा सुंदर असतो, बियांत तेल आणि प्रथिनं भरपूर, आणि पहाडातले लोक भांगेच्या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या खातात. आपल्या खाद्य सुरक्षा प्राधिकरणानेही नोव्हेंबर २०२१ मध्ये हेम्पचं बी, त्याचं तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. त्यात बियांना टीएचसीची मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम आणि तेलाला १० मिलिग्रॅम ठेवली. म्हणून हेम्पच्या नावाखाली शेतकऱ्याला कोणी फसवायला लागलं की मला फार राग येतो.

आधी तुमच्या रिपोर्टची दुसरी ओळ. हिरव्या झाडात टीएचसी जवळजवळ नसतोच, असतो तो टीएचसीए. त्याला उष्णता लागली, ओढला, भाजला, किंवा जुना झाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी उरतो. म्हणून जिथे नियम कडक आहेत तिथे ‘एकूण टीएचसी’ मोजतात. गणित असं: टीएचसीए गुणिले ०.८७७, अधिक टीएचसी. तुमचे आकडे घाला. ०.३२ गुणिले ०.८७७ म्हणजे ०.२८. त्यात ०.०५ मिळवा. ०.३३ झालं. ज्या रिपोर्टवर हिरवा गोल केलाय तो रिपोर्टच ०.३ च्या वर आहे! झेरॉक्स देणाऱ्याला हे कळत नसेल तर त्याच्याकडून बियाणं घेऊ नये, आणि कळत असेल तर त्याला घरात घेऊ नये.

तपासणी कोणत्या यंत्रावर झाली तेही बघा. एचपीएलसीवर दोन्ही घटक वेगळे दिसतात. जीसीवर नमुना तापतो, त्यामुळे टीएचसीएचा टीएचसी तिथेच होऊन जातो आणि आकडा एकत्र येतो. रिपोर्टवर यंत्राचं नाव, नमुना कुठल्या शेतातला, कोणत्या तारखेचा, झाडाचा कुठला भाग, यातलं काही नसेल तर त्याच्या आधारावर काहीच ठरवता येत नाही. आम्ही प्लॉटमध्ये फिरून वेगवेगळ्या झाडांचे शेंड्याकडचे फुलोरे कापायचो, कागदी पिशवीत भरायचो. प्लास्टिकच्या पिशवीत रात्रभर राहिले तर सकाळी आतून घाम आलेला असायचा आणि बुरशीचा वास यायचा, असा नमुना बाद. मग सुकवणं, काड्या आणि बिया चाळून काढणं, दळणं. खालची पानं मिसळली की टक्का खाली येतो, नुसते शेंडे घेतले की वर जातो. शेत तेच, आकडे दोन. म्हणून नमुना कोणी काढला हे मी सगळ्यात आधी विचारते.

आता तुमचा मधला प्रश्न, टक्का हातात राहतो का. बराचसा तो वाणाच्या आनुवंशिकतेवर ठरतो, तुमच्या खता-पाण्यावर कमी. पण वाण ठरला तरी फुलोरा पिकत जाईल तसा सीबीडी आणि टीएचसी दोन्ही सोबत चढतात. सीबीडीच्या वाणांत दोघांचं प्रमाण साधारण वीस-पंचवीसला एक असतं. सीबीडी पाच टक्के असेल तर टीएचसी ०.२ ते ०.२५. सीबीडी आठ टक्क्यांवर गेला की टीएचसी ०.३ च्या रेषेपार. आणि तुमचा करार काय म्हणतो? सीबीडी जितका जास्त तितका दर जास्त. म्हणजे शेतकऱ्याने आणखी चार-आठ दिवस थांबावं, पीक अजून पिकू द्यावं, हा मोह करारातच घालून ठेवलाय. दर वाढवणारे तेच दिवस तुम्हाला मर्यादेबाहेर नेतात. अमेरिकेत हे ओळखूनच नमुना काढल्यापासून ३० दिवसांत कापणी करायची असा नियम केला, आणि एकूण टीएचसी जास्त निघालं तर ते पीक तसंच बाजारात नेता येत नाही, नष्ट करावं लागतं किंवा फुलं काढून टाकून पुन्हा तपासावं लागतं. तिथे शेतकऱ्याचं पीक जातं. आपल्याकडे माणूस जाईल.

हा ०.३ आकडा आला कुठून, हेही ऐका. १९७६ मध्ये अर्नेस्ट स्मॉल आणि आर्थर क्रॉनक्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणासाठी एक रेषा आखली, कोरड्या वजनाला ०.३ टक्के. नशा कुठून सुरू होते हे सांगायचा त्यांचा हेतू नव्हता. पुढे कायद्यांनी तीच उचलली. युरोपात बरीच वर्षं ०.२ होती, २०२३ पासून ०.३ केली. स्वित्झर्लंडमध्ये १ टक्का आहे. रेषा इतकी बारीक असताना बियाण्यात थोडी भेसळ, किंवा घरचं बी धरून पुढच्या वर्षी पेरणं, यानेही ती ओलांडली जाते. या झाडाचा पराग वाऱ्यावर मैलोन्‌मैल जातो. नर झाडाला सकाळी टिचकी मारली तर पिवळी पावडर बाहीवर बसते, ती झटकून जात नाही. आसपास रानभांग असेल तर तुमच्या बियांत तिचा वाण मिसळलाच म्हणून समजा. पहाडात पहिला मोठा अडथळा हाच होता: स्थानिक झाडांत टीएचसी ०.३ च्या वर, आणि कमी टीएचसीचं खात्रीचं बी हातात नाही.

आणि शेवटी एक गोष्ट, जी त्या करारवाल्या गृहस्थाने सांगितली नसेल. हे पीक दिवसाच्या लांबीवर फुलतं. दिवस लहान झाला की फुलोरा. फ्रान्सचे फ्युचुरा ७५, फेलिना ३२ असे वाण ज्या भागात तयार झाले तिथे जूनमध्ये दिवस सोळा तासांच्या आसपास असतो. आपल्या साताऱ्या-सांगलीला २१ जूनलासुद्धा तेरा तास आणि वर काही मिनिटं. त्यामुळे असं बी इथे पेरलं की झाडाला वाटतं हंगाम सरत आला, आणि उंची धरायच्या आतच ते फुलतं. धागा मिळणार नाही, बी मूठभर. आपल्या अक्षांशाला जमणारा, कमी टीएचसीचा वाण विद्यापीठाने काही हंगाम चाचणी घेऊनच ठरवता येईल. हिमाचलने तेच केलं: जानेवारी २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने पालमपूर आणि नौणीच्या विद्यापीठांकडे पथदर्शी अभ्यास दिला. हिमाचलात हे झाड बांधाबांधावर आपोआप उगवतं, तरी त्यांनी आधी विद्यापीठ गाठलं. आणि इथे कोणी खटावच्या शेतकऱ्याला म्हणतोय, पुढच्या आठवड्यात पैसे भरा.

आपल्या राज्यात परवानगी यावी असं मला वाटतं, आणि ती आली की राहुरी नाहीतर कऱ्हाडच्या कृषी महाविद्यालयाच्या प्लॉटवर पहिलं झाड बघायला मी स्वतः जाईन. तोवर तुमच्या अण्णांच्या सातबाऱ्यावर प्रयोग नको.

येरळाकाठ (ता. खटाव, जि. सातारा)

ताई, वकीलसाहेब, दोघांचे मनापासून आभार. कागद पेन घेऊन ते गणित मी पुन्हा केलं आणि अण्णांना दाखवलं. ०.३३ च येतंय. त्या गृहस्थांना फोन करून एवढंच विचारलं की नमुना कोणत्या शेतातला आणि परवाना कोणत्या गटाचा. म्हणाले, तुमचा विश्वास नसेल तर दुसरे शेतकरी रांगेत आहेत. फोन ठेवला. पैसे भरत नाही.

पण माझी अडचण आहे तिथेच आहे. पावसावरच्या दीड एकरात धाग्याचं काही पीक घेता येईल का, कायद्याची भानगड नसलेलं? आणि त्या दुसऱ्या शेतकऱ्यांना कसं सांगायचं? आमच्या बाजूच्या गावातले दोघे आधीच तयार झालेत असं कळलंय.

पलूसचा_ऊसवाला

‘दुसरे रांगेत आहेत’ हे वाक्य मी आधी ऐकलंय. २०१९ ला आमच्या जिल्ह्यात कडकनाथ कोंबडीचं प्रकरण झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पिल्लं आम्ही देऊ, खाद्य आम्ही देऊ, अंडी आणि पक्षी आम्हीच उचलू. माझ्या मेहुण्याने शेड बांधलं, पैसे भरले. पक्षी मोठे झाले आणि उचलणारा फोन उचलेना. पक्ष्यांना खायला घालायला पैसे उरले नव्हते. ते शेड आज रिकामं उभं आहे आणि बँकेचा हप्ता चालू आहे. करार उचलतो म्हणणाऱ्याच्या हातात असेल आणि मालाला दुसरं गिऱ्हाईक नसेल तर तो करार वाचायचीसुद्धा गरज नाही. हेम्पमध्ये तर दुसरं गिऱ्हाईक शोधायला बाहेर पडलात की तुम्ही गुन्हेगार. कोंबडी निदान बाजारात विकता आली.

त्या दोघांकडे स्वतः जा. फोनवर नको. रिपोर्टची झेरॉक्स घेऊन जा आणि ताईंनी सांगितलेलं गणित त्यांच्याच हाताने करायला लावा. माझ्या मेहुण्याला कोणी बसून असं दाखवलं असतं तर!

धाग्याचं म्हणाल तर ताग आणि अंबाडी. दोन्ही आपल्या मातीतली, दोन्हींचा कॅनाबिसशी संबंध नाही, टीएचसीचा प्रश्नच येत नाही. अंबाडीची पानं मात्र जरा तशी दिसतात, पाच-सात बोटांची. फुलं आली की पिवळी भेंडीसारखी असल्याने शंका फिटते. माझ्या आजोबांच्या वेळी प्रत्येक बांधाला अंबाडीची ओळ असायची, वाखाचे कासरे आणि दावी घरीच वळायचे. आता नायलॉन आलं. धाग्याला जवळपास खरेदीदार नाही, हे खरं तेच सांगतो, त्यामुळे वाखाच्या भरवशावर दीड एकर लावू नका. पण ताग जमिनीत गाडण्यासाठी लावाल तर पैसा फुकट जाणार नाही. कंदकूज झालेल्या रानात लगेच पुन्हा आलं घेऊ नका, फेरपालट करा, आणि त्या फेरपालटीत ताग बसतो. मी उसाआधी दर वेळी करतो. पुढच्या पिकाचा युरिया कमी लागतो आणि जमीन नांगराला हलकी येते.

येरळाकाठ (ता. खटाव, जि. सातारा)

त्या दोघांपैकी एकाशी काल बोललो, एक तास बसलो. त्याने अजून पैसे दिले नव्हते, थांबला. दुसरा घरी नव्हता, उद्या सकाळी जातोय.

ताग किती बी लागेल आणि गाडायचा कधी?

पलूसचा_ऊसवाला

हिरवळीच्या खताला एकरी वीस ते पंचवीस किलो, फेकून पेरलात तर पंचवीस. पहिला चांगला पाऊस झाल्यावर पेरा. फुलोरा सुरू व्हायच्या सुमारास, साधारण पंचेचाळीस ते पन्नास दिवसांनी, गाडा; त्याच्या पुढे गेलात की खोड चिवट होतं आणि कुजायला वेळ लागतो. गाडताना जमिनीत ओल हवी. थोडा तुकडा बियाण्यासाठी ठेवणार असाल तर त्या शेंगा जनावरांच्या तोंडाला लागू देऊ नका, बी बाधतं. बी पंचायत समितीच्या कृषी विभागात आधी विचारा, अनुदानावर आलेलं असलं तर तिथे मिळेल, नाहीतर कृषी सेवा केंद्रातून पक्की पावती घेऊनच घ्या.